झाडूवाल्याच्या पगारावर

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिरवाल्यांनी मला विषय दिला : ‘हृदयशस्त्रक्रिया आणि भूलशास्त्रातलं संशोधन’. फलकावर हे वाचून तुमच्यातल्या निम्म्यांनी मनात म्हटलं असेल, की आता हा माणूस आपल्याला झोपवणार. झोपवणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन थिएटरात भुलीच्या मशीनजवळ उभा राहणारा तंत्रज्ञ आहे. त्यामुळं मी वरून बोलणार नाही, टेबलाच्या उंचीवरून बोलणार आहे. तिथून दोन गोष्टी नीट दिसतात. काम कुणाचे हात करतात ते दिसतं आणि टेबलावर कोण झोपलंय ते दिसतं. पुढं छापून येतं ते तिसरंच.

परीक्षेत प्रश्न येतो, अमुक शस्त्रक्रियेचा शोध कुणी लावला? उत्तर एका नावाचं असतं. फार तर दोन. जन्मजात निळ्या पडणाऱ्या पोरांच्या ऑपरेशनचं उत्तर कित्येक वर्षं होतं ‘ब्लॅलॉक आणि टॉसिग’. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ, साल १९४४. या उत्तरात नसलेल्या तिसऱ्या माणसाबद्दल मी बोलणार आहे. त्याचं नाव व्हिव्हियन थॉमस. तो काळा होता.

थॉमसचा जन्म १९१० चा, लुइझियाना राज्यातला. वाढला टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये. बाप सुतार, पोरगाही सुतारकामात तयार झालेला. १९२९ साली हायस्कूल पास झाला. डॉक्टर व्हायचं म्हणून मजुरी करून पैसे साठवले होते. मंदी आली, बँक बुडाली, तिच्याबरोबर कॉलेजही बुडालं. १९३० च्या फेब्रुवारीत वँडरबिल्ट विद्यापीठात डॉक्टर आल्फ्रेड ब्लॅलॉकच्या प्रयोगशाळेत हाताखालचा माणूस म्हणून लागला. आठवड्याला १२ डॉलर. थोड्याच दिवसांत तो कुत्र्यांना भूल द्यायला शिकला, शिरा जोडायला शिकला, रक्ताच्या तपासण्या करून नोंदी ठेवायला लागला. आज ज्याला आपण संशोधन सहायक म्हणतो ते सगळं काम तो करत होता. पण पगाराच्या वहीत त्याचा हुद्दा होता झाडूवाला.

हा हुद्दा नीट लक्षात ठेवा. ही कारकुनी चूक नव्हती. काळ्या माणसाला देता येईल असा दुसरा हुद्दाच त्या वहीत नव्हता.

झाडूवाल्याच्या पगारावर या माणसानं काय केलं? त्या काळी मोठ्या जखमेनंतर माणूस ‘शॉक’मध्ये जाऊन मरायचा. चिरडलेल्या मांसातून काही विष रक्तात भिनतं म्हणून माणूस मरतो, असं पुष्कळ विद्वान मानत. ब्लॅलॉक आणि थॉमसनं प्रयोगांनी दाखवलं, की विषबिष नाही. रक्त आणि रक्तातला द्रव नळ्यांबाहेर जातो, अभिसरणाला भांडवलच उरत नाही, म्हणून माणूस जातो. मग उपाय सरळ आहे : रक्त द्या, रक्तद्रव द्या. दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानावर असंख्य सैनिक वाचले. त्यातले गोरे सैनिक घरी परतल्यावर थॉमससारख्याला आपल्या शेजारी बसूही देत नसत, हा भाग निराळा.

आपला हुद्दा काय लावलाय हे कळल्यावर थॉमस गप्प बसला नाही. जे तंत्रज्ञाला मिळतं ते मला द्या, असं त्यानं सांगितलं आणि पगार वाढवून घेतला. त्याचा भाऊ नॅशव्हिलमध्ये शिक्षक होता. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार का, म्हणून त्यानं शिक्षण मंडळावर खटला भरला आणि १९४२ साली जिंकला. त्याच्या बाजूनं उभा राहिलेला वकील थर्गुड मार्शल पुढं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला काळा न्यायमूर्ती झाला. तेव्हा हे घर मुकाट्यानं मान खाली घालणाऱ्यांचं नव्हतं. थॉमस फक्त मोठ्यानं बोलत नसे.

१९४१ साली ब्लॅलॉक हॉपकिन्सचा शस्त्रक्रिया-प्रमुख झाला आणि थॉमसला सोबत घेऊन गेला. त्या इस्पितळात काळे नोकर म्हणजे झाडलोटवाले. पांढरा कोट घातलेला काळा माणूस कॉरिडॉरमधून चालायला लागला, की लोक थांबून बघत. कोट पाहून नव्हे, कोटात कोण आहे ते पाहून.

तिथं हेलन टॉसिग नावाची बालहृदयरोगतज्ज्ञ होती. तिच्याकडं निळी पोरं यायची. ओठ निळे, नखं निळी. चार पावलं चालली की धाप लागून उकिडवी बसणारी. या रोगात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि फुफ्फुसाकडं जाणारी वाट अरुंद असते. म्हणून बरंचसं रक्त फुफ्फुसात न जाताच, ऑक्सिजन न घेताच, पुन्हा अंगभर फिरतं. टॉसिगनं एक गोष्ट हेरली होती. गर्भात असताना प्रत्येक पोराच्या महारोहिणी आणि फुफ्फुसरोहिणीत एक जोडनळी असते, ती जन्मानंतर बंद होते. ज्या निळ्या पोरांची ही नळी उघडी राहते ती बरी राहतात, नळी मिटली की खालावतात. मग आपणच एक नळी का जोडू नये? बोस्टनचा एक नामांकित सर्जन त्या जोडनळ्या बंद करण्यात वाकबगार होता. आधी ती त्याच्याकडं गेली. त्यानं रस दाखवला नाही. मग ती ब्लॅलॉककडं आली.

ब्लॅलॉकनं काम दिलं थॉमसला. ते काम काय होतं ते समजून घ्या. आधी धडधाकट कुत्र्यात हा रोग तयार करायचा, मग तो दुरुस्त करायचा. थॉमस दोनेक वर्षं राबला. सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग झाले. हाताच्या रोहिणीचं तोंड फुफ्फुसाच्या रोहिणीला शिवायचं. ही जोडणी त्या दोघांनी १९३८ सालीच वँडरबिल्टमध्ये दुसऱ्याच प्रश्नासाठी करून पाहिली होती आणि तो प्रयोग फसला होता. फसलेला प्रयोग इथं कामाला आला. लहान पोराच्या बारीक शिरांना पेलतील अशा सुया, चिमटे बाजारात नव्हते. थॉमसनं असलेलीच हत्यारं कापून-घासून बेतली. सुताराचा हात होता. बापाकडून आलेला.

२९ नोव्हेंबर १९४४. पंधरा महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार किलो. हे ऑपरेशन ब्लॅलॉकनं कुत्र्यावर मुख्य सर्जन म्हणून एकदाही पार पाडलेलं नव्हतं, थॉमसनं कैक वेळा केलं होतं. ब्लॅलॉकनं थॉमसला बोलावून आपल्या उजव्या खांद्यामागं स्टुलावर उभं केलं. सुई कुठून घालू, टाका कुठं घेऊ, हे तो विचारत होता आणि हायस्कूल पास काळा माणूस सांगत होता. कायद्यानं थॉमसला माणसाच्या शरीराला हात लावता येत नव्हता. म्हणून त्याची जीभ ऑपरेशन करत होती.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. त्या खोलीत आणखी एक माणूस होता, त्याचं नावही फारसं घेतलं जात नाही. भूल विभागाचा प्रमुख ऑस्टिन लॅमाँट यानं या पोरीला भूल द्यायला नकार दिला होता. ती टेबलावरच जाईल असं त्याला वाटलं. हे भित्रेपण नव्हतं, त्याचा हिशेब प्रामाणिक होता. मग मेरेल हार्मेल नावाचा त्याच्या हाताखालचा तरुण डॉक्टर उभा राहिला. ईथर आणि ऑक्सिजन. ना आजच्यासारखा पडदा, ना आकडे, ना घंटी. बोट नाडीवर आणि डोळा रंगावर. आणि रंग तर मुळातच निळा! आमच्या धंद्यात निळा रंग म्हणजे थांबा. इथं निळ्यातच चालायचं होतं. त्यात छाती उघडलेली, एका बाजूचं फुफ्फुस दाबलेलं, आणि आधीच रक्ताला महाग झालेल्या फुफ्फुसाची एक रोहिणी चिमट्यात धरलेली. पोर जगली. पुढं हार्मेल आणि लॅमाँट या दोघांनीच अशा शंभरावर ऑपरेशनांच्या भुलीचा अनुभव १९४६ साली छापला. हृदयशस्त्रक्रियेतल्या भूलशास्त्राची सुरुवात त्या लेखापासून धरतात. ज्यानं नकार दिला तोही शिकला आणि त्यानं ते लिहून ठेवलं. विज्ञानाची ही रीत आपण घेण्यासारखी आहे.

ती पहिली मुलगी काही महिन्यांनी, दुसऱ्या ऑपरेशननंतर गेली. पण तिसऱ्या रुग्णाचे, सहा वर्षांच्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. १९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तीन रुग्णांवरचा लेख आला. लेखक दोन : ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमसचं नाव नाही. जगभरातून आईबाप निळी पोरं घेऊन बाल्टिमोरला आले. थॉमसच्या हाताखाली टाका घालायला शिकलेले तरुण सर्जन पुढं देशभर विभागप्रमुख झाले. आणि घरखर्च भागत नव्हता म्हणून थॉमस ब्लॅलॉकच्या पार्ट्यांमध्ये दारूचे पेले भरायला उभा राहायचा. सकाळी ज्यांना शिकवलं त्यांनाच संध्याकाळी पेला द्यायचा.

१९४७ च्या सुमारास त्यानं पुन्हा डॉक्टरकीचा विचार केला. बाल्टिमोरच्या काळ्यांच्या कॉलेजात चौकशी केली. त्यांनी सांगितलं, अनुभवाची सूट नाही, पहिल्या वर्षापासून सगळं करा. म्हणजे डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी. त्यानं नाद सोडला. १९७१ साली त्याच्या शिष्यांनी त्याचं तैलचित्र करवून इस्पितळात लावलं. १९७६ साली हॉपकिन्सनं त्याला मानद डॉक्टरेट दिली, पण कायद्याची, वैद्यकाची नव्हे. त्याच वर्षी त्याला अध्यापकवर्गात घेतलं. १९३० ते १९७६. मोजा. शेहेचाळीस वर्षं. १९८५ च्या नोव्हेंबरात तो वारला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचं आत्मचरित्र बाहेर आलं. आता पुष्कळ ठिकाणी त्या जोडणीला ‘ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग’ म्हणतात. नाव मधे घुसायला इतका काळ गेला.

आता एक शहाणा उठेल आणि म्हणेल, बघा, याला कुठं आरक्षण होतं? गुणवत्ता असली की माणूस वर येतोच. मी विचारतो, वर आला कुठं? स्टुलावर आला. ज्याची गुणवत्ता प्रमुख सर्जनला खांद्यामागं लागत होती त्याला शेवटपर्यंत डॉक्टर होता आलं नाही. थॉमसची गोष्ट गुणवत्तेच्या विजयाची नाही. दरवाजा बंद असला, की गुणवत्ता खिडकीतून राबवून घेतली जाते आणि बाहेरच ठेवली जाते, त्याची ही गोष्ट आहे. हॉपकिन्सचा पहिला काळा हृदयशल्य-निवासी डॉक्टर लेव्ही वॉटकिन्स. त्यानं १९८० च्या फेब्रुवारीत जगात पहिल्यांदा माणसाच्या शरीरात आपोआप झटका देणारं हृदययंत्र बसवलं. दरवाजा उघडल्यावर काय होतं ते हे. दहा वर्षंसुद्धा लागली नाहीत.

उलट बाजूनं आपल्यातलाही एखादा म्हणेल, डिग्र्या साल्या ब्राह्मणी भंकस, थॉमसला कुठं डिग्री होती? हेसुद्धा चालणार नाही. मला ज्या मामांनी काम शिकवलं ते थिएटरातले चतुर्थ श्रेणीचे नोकर होते. पोराच्या ओठाकडं बघून ते डॉक्टरांच्या आधी सांगत, ‘नळी बघा.’ निवृत्त झाले तेव्हा हार, नारळ आणि स्टीलचा डबा मिळाला. त्यांची पोरं शिकावीत म्हणून त्यांनी जन्म घातला. त्यांना विचारा डिग्री भंकस आहे का.

दुसरी एक गोष्ट आपल्या मुलांच्या मोबाइलवर फिरते. दक्षिण आफ्रिकेतला हॅमिल्टन नाकी. म्हणे ३ डिसेंबर १९६७ ला केप टाउनमध्ये जगातलं पहिलं हृदयारोपण झालं, तेव्हा दात्याचं हृदय या काळ्या माळ्यानं काढलं आणि ते लपवून ठेवलं. मित्रहो, हे खरं नाही. २००५ साली तो वारला तेव्हा मोठमोठ्या इंग्रजी पत्रांनी हे छापलं आणि मागाहून दुरुस्ती केली. खरं काय आहे? नाकी विद्यापीठात माळी म्हणून लागला, प्रयोगशाळेत आला, जनावरांना भूल द्यायला आणि त्यांच्यावर अवघड ऑपरेशनं करायला शिकला, कित्येक सर्जनांना त्यानं शिकवलं, आणि १९९१ साली माळ्याच्या पेन्शनवर घरी गेला. मला सांगा, यात काय कमी आहे म्हणून वर खोटं लावायचं? आपण एक खोटं बोललो, की ते आपली शंभर खरी पुसून टाकतात. खोटं त्यांना परवडतं. आपल्याला परवडत नाही.

हातांचं झालं. आता टेबलावर कोण झोपतं ते बघू.

१९६८ च्या जानेवारीत केप टाउनला दुसरं हृदयारोपण झालं. ‘कलर्ड’ ठरवलेल्या तरुणाचं हृदय एका गोऱ्याला बसवलं. ज्या समुद्रकिनाऱ्यावर तो तरुण पाय ठेवू शकत नव्हता तिथं त्याचं हृदय फिरून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या रिचमंडला एक काळा मजूर डोक्याला मार लागून इस्पितळात आला. दुसऱ्या दिवशी त्याचं हृदय काढून एका गोऱ्या व्यापाऱ्याला बसवलं. घरच्यांना विचारलं नाही. भावानं खटला भरला. १९७२ साली ज्यूरीनं डॉक्टरांच्या बाजूनं निकाल दिला. आणि आपली मुंबई? के. ई. एम. इस्पितळात डॉक्टर पी. के. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच हृदयारोपण केलं होतं. रुग्ण काही तासच जगला. पण जगात हातावर मोजण्याइतक्या ठिकाणी जे झालं ते परळच्या पालिका इस्पितळात झालं. धाडस आपल्याकडं कमी नव्हतं आणि नाही. प्रश्न धाडसाची किंमत कुणाच्या अंगावर पडते याचा आहे.

२०१२ साली बीबीसीनं इंदूरची बातमी दिली. छातीत दुखतं म्हणून सरकारी इस्पितळात आलेल्या दलित बाईला परदेशी कंपनीचं नवं औषध दिलं गेलं. घरच्यांचं म्हणणं, महागडं औषध फुकट मिळतंय एवढंच आम्हाला कळलं, चाचणी आहे हे नाही. ती पुढं वारली. औषधानंच वारली असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की आपल्यावर प्रयोग चाललाय हे माहीत असण्याचा तिचा हक्क होता. २०१३ साली केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की २००५ ते २०१२ या काळात औषधचाचण्यांच्या दरम्यान २,६४४ माणसं मेली. त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळं झाले असं सरकारनंच मानलं. त्या रेट्यानं नियम बदलले. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणं चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट, भरपाई, आणि रुग्णाच्या हातात संमतीपत्राची प्रत, हे सगळं बंधनकारक आहे. वाचता येत नसेल तर बाहेरचा, निःपक्ष साक्षीदार लागतो. हे आपल्या वस्तीत किती जणांना माहीत आहे? हात वर करा. हं. म्हणून तर बोलतोय.

कुणी म्हणेल, मग चाचण्याच बंद करा. नाही! चाचण्या बंद झाल्या तर मरणारही आपणच, कारण औषध कुणावर चालतं आणि कुणावर नाही हे कळणारच नाही. पुरावा देतो. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा करोनात घरोघर आला. त्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. तांबडा उजेड बोटातून पार करून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. भुलीच्या टेबलावर या यंत्रानं जितके जीव वाचवले तितके क्वचितच दुसऱ्या कशानं वाचवले असतील. पण २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं, की चिमटा ‘ठीक आहे’ म्हणत असताना रक्तात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि काळ्यांत ११.७ टक्के. म्हणजे तिप्पट. कातडीतला रंग उजेड अडवतो, आणि यंत्र बेतताना काळी बोटं पुरेशी मोजलीच नव्हती. यंत्र जातीयवादी नसतं. पण मोजणीत जो नाही तो यंत्राला दिसत नाही. आपल्याकडं जात कातडीच्या रंगावर ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण काळ्यासावळ्या बोटांचा हा देश आहे, तेव्हा हा प्रश्न आपलाच आहे.

तसाच विदर्भातला सिकलसेल. आपल्या आणि आदिवासी वस्त्यांमध्ये तो मोठ्या प्रमाणात आहे. ऑपरेशनच्या टेबलावरची थंडी, ऑक्सिजनची कमतरता, अंगातलं पाणी कमी होणं, यानं त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि शिरा तुंबतात. हृदयाच्या ऑपरेशनात तर कैकदा अंग मुद्दाम थंड करतात. म्हणून भूल देण्याआधी ही तपासणी झाली का, हे विचारायला लाजू नका. १९७१ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीनं वस्तीवस्तीत टेबलं मांडून सिकलसेलची तपासणी सुरू केली होती. बंदूक सगळ्यांना आठवते, टेबल कुणाला आठवत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, तेव्हा हे नातं काही आजचं नाही. फक्त घोषणेपुरतं ते ठेवू नये एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा काय करायचं? तुमच्यातल्या प्रत्येकाच्या वस्तीत कुणी वॉर्डबॉय आहे, कुणी मावशी आहे, कुणी ओटी तंत्रज्ञ आहे. त्यांना बसवा आणि त्यांना काय येतं ते लिहून काढा, त्यांच्या नावासकट. देशातली प्रत्येक औषधचाचणी सरकारी नोंदवहीत चढवणं २००९ पासून सक्तीचं आहे आणि ती वही सगळ्यांना खुली आहे. तुमच्या शहरात कसल्या चाचण्या चालल्यात ते दर महिन्याला बघा आणि मराठीत लिहून वस्तीत लावा. कुणाच्या घरात संमतीपत्र आलं तर दोन शिकलेल्या पोरांनी जाऊन ते वाचून दाखवावं. सही करा किंवा करू नका, ते त्यांनी ठरवावं, आपण नव्हे. इस्पितळांच्या नैतिकता समित्यांवर बाहेरचा सामान्य माणूस असावा लागतो. तो नेहमी डॉक्टरसाहेबांच्या ओळखीतलाच का? आपली नावं पुढं करा. आणि ज्यांचे मार्क येतात त्यांनी भूलशास्त्राला जा, हृदयशल्याला जा, संशोधनाला जा. तिथं जाऊन जो लेख छापाल त्यात ज्यानं कुत्रं धरलं, रक्त काढलं, हत्यार घासून दिलं, त्याचं नाव घाला. आपल्या माणसाच्या हातात लेखणी आल्यावरही स्टुलावरचा माणूस स्टुलावरच राहिला, तर मग बदललं काय?

प्रश्न विचारा. अडचणीचे विचारा.

जयभीम.